दापोडीच्या पुलावर थांबलेली पिकअप

माझ्या भावाचा कारखाना बंद झाला त्या दिवशी बाकीचे कामगार सह्या करून, एकमेकांना भेटून आपापल्या सायकली आणि स्कूटरींवरून घरी गेले. माझा भाऊ घरी आला तो एका टेम्पोमागे दोरखंडाने बांधलेल्या जुन्या पिकअपमध्ये बसून. तिचं इंजिन बंद होतं. तो नुसता स्टिअरिंग धरून ब्रेक सांभाळत होता. भोसरीपासून विश्रांतवाडीपर्यंत तो तसाच ओढला जात आला. आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट होता, मालक परगावी राहायचा. तिथे टेम्पो थांबला, दोर सुटला, आणि दादाने उतरून पिकअपच्या चाकांना दगड लावले.

वहिनी दारातून बघत होती. तिने विचारलं, "हीच का ती?"

"हीच," दादा म्हणाला.

वहिनी आत गेली. रात्री तिने दादाचं आणि माझं अशी दोन ताटं वाढली आणि स्वतः न जेवता झोपली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. भोसरी-पिंपरीकडचे कारखाने एकामागून एक माणसं कमी करत होते आणि गावात जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. मी तसाच एक कोर्स करून औंधच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकतीच लागले होते. आमचे वडील नागपूरकडून खडकीला नोकरीसाठी आलेले, विश्रांतवाडीतलं दोन खोल्यांचं घर त्यांनीच बांधलेलं. आई आणि ते दोघंही तोवर गेले होते. घरात आम्ही तिघंच, दादा, वहिनी आणि मी. एकाचं काम सुटलं त्याच वर्षी दुसरीचं सुरू झालं, याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. सकाळी डबा मात्र आता एकच भरला जायचा.

त्या पिकअपची गोष्ट मला आधी ठाऊक होती. आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होती.

दादा कारखान्यात ड्रायव्हर होता. ती पिकअप साठच्या दशकातली, लांब नाकाची, पुढे तिघांपुरती केबिन आणि मागे लाकडी फळ्यांचा उघडा हौदा. सुटे भाग पोचवायचे, पत्र्याच्या शीटा आणायच्या, असली कामं ती करायची. कारखाना बंद होण्याच्या काही वर्षं आधी, एका उन्हाळ्यात, दुपारच्या पाळीला ओतकाम विभागात क्रेनची साखळी सुटली आणि साचा एका कामगाराच्या मांड्यांवर पडला. तो दादाचा मित्र. दोघं एकाच बाकावर डबा खायचे. कंपनीची रुग्णवाहिका नव्हती. त्याला पिकअपच्या हौद्यात गोधडीवर निजवलं, दुसरा एक कामगार त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि दादाने गाडी शहरातल्या मोठ्या दवाखान्याकडे हाणली. दापोडीच्या पुलावर मधोमध गाडी बंद पडली.

दादाने बॉनेट उघडलं. हँडल मारलं. पेट्रोलचा पंप तापला असेल म्हणून त्यावर ओलं फडकं टाकलं. पुन्हा हँडल मारलं. मागून हॉर्न वाजत होते, कुणी शिव्या घालून पुढे जात होतं. रक्त बघून एक-दोघांनी गाडी हळू केली आणि मग वेगात नेली. बऱ्याच वेळाने गाडी एका हँडलसरशी सुरू झाली, काही झालंच नसल्यासारखी. दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी हौद्यातच नाडी बघितली आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मेकॅनिकने पिकअप दोन वेळा फिरवून आणली. दोष काही सापडला नाही. चौकशीत ठरलं की चालक गांगरला, चोक ओढून ठेवला, जास्त पेट्रोल जाऊन प्लग ओले झाले. दादाची नोकरी गेली नाही. एक वेतनवाढ थांबवली आणि विषय संपला. पुढे ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरांच्या हातीही एक-दोनदा रस्त्यात बंद पडली, पण तोवर ती अपशकुनी ठरली होती. तिला कुणी हात लावेना. कंपनीने ती मागच्या भिंतीशी उभी केली आणि तिच्या चाकांतून गवत वर आलं.

कारखाना बंद होताना दादाने ती भंगाराच्या भावात मागून घेतली, आणि आता ती आमच्या घराशेजारी उभी होती.

"तुला ही कशाला हवी होती?" मी दादाला विचारलं.

"ती का थांबली ते मला बघायचंय."

"इतक्या वर्षांनी?"

"तेव्हा मला उघडू दिली नव्हती," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, दोन-चार आठवडे खटपट करेल आणि भंगारवाल्याला देऊन टाकेल. पण दादाने प्लॉटवर चार बांबू रोवून वर पत्रे टाकले आणि रोज सकाळी कामावर जावं तसा तिथे जायला लागला. अंघोळ करून, चहा पिऊन, ठरल्या वेळी. दुपारी जेवायला यायचा, पुन्हा जायचा. नव्या नोकरीचं कुणी विचारलं की म्हणायचा, "बघतोय."

वहिनी शिवणकाम करायची. मशीन खिडकीशी होतं, खिडकीतून पिकअप दिसायची. एकदा ती मला म्हणाली, "घरात बोलायला दोन माणसं आहेत. हे दिवसभर लोखंडाशी बोलतात."

रविवारी मी दादाला मदत करायला जायचे. आठवडाभर पडद्यासमोर बसून मान आखडलेली असायची, तिथे हाताला काही काम मिळायचं. पहिल्यांदा त्याने सगळी गाडी सुटी केली. दरवाजे, मडगार्ड, बॉनेट, सीट. काढलेली प्रत्येक वस्तू तो डांबरी कापडावर ओळीने मांडायचा. मडगार्डचा रंग खरवडला तर खाली आणखी एक रंग निघाला, आणि त्याखाली गंज. हात लावला की पत्रा पापडासारखा मोडायचा. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायचा, वेल्डिंग घासायचं, खाचाखोचांत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा. बोटांची कातडी निघायची. बुधवारी आणि एखाद्या रविवारी जुन्या बाजारात जाऊन तो तासन् तास उकिडवा बसायचा, ढिगातून एखादं हँडल किंवा दिव्याची काच शोधायचा. नाना पेठेतल्या दुकानदारांना तो तोंडपाठ झाला होता. एकजण म्हणाला, "अहो, या गाडीचे पार्ट मागणारे तुम्ही एकटेच उरलात. पुढच्या वेळी आलात तर आम्ही तुमचाच फोटो लावू."

हौद्याच्या फळ्या काढायच्या दिवशी दादाने मला येऊ नको म्हणून सांगितलं. मी गेले. फळ्या काळ्या पडल्या होत्या. ग्रीस होतं, तेल होतं, पत्र्यांचे ओरखडे होते, आणि कशाचे डाग कोणते हे सांगता येत नव्हतं. दादा एकेक बोल्ट तेल सोडून काढत होता. फळ्या काढून त्याने भिंतीला टेकवून ठेवल्या. वहिनीने विचारलं, बंबात जाळायला घेऊ का. तो नाही म्हणाला. फेकल्याही नाहीत. पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली आणि त्या उभ्याच्या उभ्या पोकळ होत गेल्या.

इंजिन त्याने सगळ्यात शेवटी उघडलं. पॉइंट, कॉइल, कार्बोरेटर, पंप, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. झीज होती, पण थांबण्यासारखं काही सापडलं नाही. तो दिवसेंदिवस गप्प होत गेला. जेवताना त्याच्या हातांना पेट्रोलचा वास यायचा आणि घास तसाच हातात राहायचा.

मग टाकी उरली. सीटच्या मागे बसवलेली पत्र्याची टाकी. जुनी टाकी आतून साफ करायची म्हणजे तिच्यात बारीक खडी आणि थोडं रॉकेल घालायचं, तोंड बंद करायचं आणि दोघांनी दोन्हीकडून धरून हलवायची. गंज खडीला घासून सुटतो. तो रविवार होता. आम्ही टाकी धरून बराच वेळ हलवत होतो, खडीच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग ती परातीत उलटी केली. लाल चिखल पडला, खडी पडली, आणि त्यात एक चिंधी. तळहाताएवढी, सुतं सुटलेल्या कडांची.

दादाने ती उचलली, रॉकेलमध्ये खळबळून धुतली आणि उन्हात धरली. कापड निळं होतं.

तो खाली बसला.

मला समजलं नाही. मी म्हटलं, "काय झालं?"

"ही नळीच्या तोंडाशी जाऊन बसत असणार," तो म्हणाला. "इंजिन ओढतंय तोवर तिथे चिकटून राहणार. पेट्रोल बंद. गाडी उभी राहिली की थोड्या वेळाने सुटून खाली पडणार. मग गाडी चालू. तपासली तर काही नाही."

"म्हणजे तुझी चूक नव्हतीच," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता. "चोकबिक काही नव्हतं. तू बरोबर होतास."

त्याने ती चिंधी मांडीवर पसरली. "टाकीचं झाकण हरवलं होतं. स्टोअरमध्ये सांगून सांगून थकलो. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात, म्हणायचे. पेट्रोल हिंदकळायचं. मग मी कारखान्याच्या जुन्या शर्टाचा बोळा करून तोंडात कोंबला होता. त्याचाच तुकडा आत पडला असणार."

"युनिफॉर्म सगळ्यांचाच निळा होता, दादा."

"बोळा मी लावला होता."

"झाकण दिलं असतं तर बोळा कशाला लागला असता?"

"ते आहेच," तो म्हणाला. "पण बोळा मी लावला होता."

त्यानंतर कितीतरी दिवस तो प्लॉटवर गेला नाही. घरात पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वहिनीने मशीन बंद करून त्याच्याशेजारी बसायला सुरुवात केली. ती काही समजवायची नाही, नुसती बसायची. दिवाळी आली आणि गेली. मग एका सकाळी तो उठला, अंघोळ केली, चहा प्यायला आणि पाने-पक्कड घेऊन निघाला. वहिनीने विचारलं, "आता कशाला? सापडलं ना जे हवं होतं ते?"

"उघडलीय तर लावायला हवी," तो म्हणाला.

उरलेलं काम त्याने नेटाने केलं. नव्या फळ्या बसवल्या, त्यांना जवसाचं तेल पाजलं. रंग मूळचाच दिला, करडा. टाकीला झाकण मिळालं नाही म्हणून लेथवर पितळेचं करून घेतलं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा पत्र्याच्या छपराखाली एवढा धूर झाला की वहिनीने खिडकी लावून घेतली. दादा हसला नाही. कान लावून ऐकत राहिला.

आळंदी रस्त्याने त्याने मला पहिली चक्कर मारून आणली. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच होती. गिअर बदलताना तो क्लच दोनदा दाबायचा आणि मध्ये एक श्वास थांबायचा. स्टिअरिंग इतकं जड की वळणावर त्याचा खांदा माझ्या अंगावर यायचा. रस्त्यावर नव्या मोटारी आणि टू-व्हीलरवरची मुलं आम्हाला बघून अंगठा दाखवत होती. एकाने ओरडून विचारलं, "काका, विकणार का?" गाडी छानच दिसत होती. ते मला जास्त लागलं.

परत येताना दादा म्हणाला, "तिला सांगायला हवं."

तिला म्हणजे मित्राच्या बायकोला. ती दापोडीलाच राहायची. नवरा गेल्यावर तिने डबे करायला घेतले होते, आता कॉल सेंटरवर काम करणारी मुलं तिच्याकडे जेवायची.

वहिनीने विरोध केला. "सांगायचं तर सांगा. पण ती गाडी कशाला न्यायची? बस आहे, रिक्षा आहे."

"लपून गेल्यासारखं होईल," दादा म्हणाला.

मी सोबत गेले. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली. शाळेच्या गणवेशातल्या मुलीने दार उघडलं आणि आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, दादाला बघून क्षणभर थांबली, मग म्हणाली, "या भाऊ. बसा." मुलीला तिने वाण्याकडे पिटाळलं.

दादाने बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं. झाकण, बोळा, चिंधी, नळी. पाठ केल्यासारखं सांगितलं, एकदाही न थांबता. ती ऐकत होती. गॅसवर मोठं पातेलं होतं, त्याखालची आच तिने मध्येच उठून कमी केली आणि परत येऊन बसली.

"मला तेव्हा सांगितलं होतं की ड्रायव्हर घाबरला," ती म्हणाली.

"हो."

"आता तुम्ही सांगताय की चिंधी अडकली."

"हो. माझी."

"बरं." तिने पुन्हा पदराला हात पुसले. "हे सांगून तुम्हाला बरं वाटणार होतं का, भाऊ?"

दादा गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत राहिला.

"मला नाही बरं वाटलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "घाबरला म्हणत होते तेव्हा मी म्हणायचे, माणूस आहे, घाबरणारच. आता रोज त्या चिंधीचा विचार येईल."

"माफ करा, ताई."

"ते राहू द्या. मला एक सांगा. पुलावर गाडी उभी होती तेव्हा ते काही बोलले का?"

दादाने मान खाली घातली. "मी बॉनेटपाशी होतो. मागे गेलोच नाही. आता सुरू होईल, आता होईल, म्हणून तिथेच राहिलो."

"आणि मागे जे बसले होते ते?"

"ते गावी गेले. पुढे वारले, असं ऐकलं."

"म्हणजे कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली.

तिने आम्हाला चहा दिला. दारापर्यंत आली. गल्लीच्या तोंडाशी नव्या रंगातली पिकअप उन्हात उभी होती आणि दोन-तीन माणसं तिच्याभोवती कौतुकाने फिरत होती. ती बघत राहिली. मग दादाला म्हणाली, "ही गाडी पुन्हा या बाजूला आणू नका."

दादाने तिचा शब्द पाळला. पुढे काही वर्षं त्याने पिकअपवर भाड्याची कामं केली. हिंजवडीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला मार्केट यार्डातून भाजी पोचवायची. पहाटे यार्डात हमाल हौद्यात पोती रचायचे, तो दोर आवळायचा आणि निघायचा. वाटेत पिंपरीलाही काही पोती उतरवायची असत, तिकडचा सरळ रस्ता दापोडीवरून होता, पण तो लांबचा वळसा घेऊन बाणेरकडून जायचा. कंत्राटदार पेट्रोल जास्त लागतं म्हणून कुरकुरायचा. दादाने त्याला कधी कारण सांगितलं नाही.

माझी कंपनीही तोवर हिंजवडीला, त्याच आवारात गेली होती. कधी सकाळी चौथ्या मजल्याच्या काचेतून ती करडी पिकअप मागच्या फाटकातून शिरताना दिसायची. आमच्या टीममधली मुलं म्हणायची, काय क्लासिक गाडी आहे, ओनर कोण असेल. मी म्हणायचे, माझा भाऊ. मग ती खूप प्रश्न विचारायची, कुठून मिळाली, कुठल्या साली बनली, रिस्टोर कुणी केली. मी सांगता येतील तेवढ्यांची उत्तरं द्यायचे.

मग कॅन्टीनवाल्यांना बंद, थंड राहणाऱ्या गाड्या हव्या झाल्या. काम गेलं. प्लॉटच्या मालकाने जागा बिल्डरला दिली आणि पत्र्याचं छप्पर उतरवावं लागलं. पिकअप रस्त्याच्या कडेला आली, तिच्यावर पोस्टरं चिकटवली जाऊ लागली. शेवटी महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याने ती घेतली. त्याला ती फाटकाशी शोभेला उभी करायची होती. चालायची गरज नव्हती म्हणून त्याच्या माणसांनी इंजिन आमच्या दारातच उतरवलं, वजन कमी व्हावं म्हणून. दादा पायरीवर बसून बघत होता. साखळीला लटकलेलं इंजिन वर उचललं गेलं तेव्हा तो उठून आत गेला. भंगारवाला इंजिन घेऊन गेला तरी बाहेर आला नाही.

आता तो खराडीच्या एका आयटी पार्कच्या फाटकावर पहारेकरी आहे. आत येणाऱ्या गाड्यांखाली दांडीचा आरसा फिरवतो. गाडी स्वतः चालवत नाही. मी कार घेतली तेव्हा त्याच्यापुढे किल्ली धरली. त्याने ती परत माझ्या हातात दिली आणि मागच्या सीटवर वहिनीशेजारी जाऊन बसला.

मित्राची बायको मला एकदाच भेटली, बुद्ध पौर्णिमेला, विश्रांतवाडीच्या विहारात. खूप गर्दी होती. तिनेच मला ओळखलं.

"भाऊ बरे आहेत?"

"बरे आहेत."

"ती गाडी?"

"विकली."

"बरं झालं," ती म्हणाली. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "त्यांना म्हणावं, येत जा. बसने या."

घरी येऊन मी दादाला हे सांगितलं. तो दुपारच्या ड्यूटीला निघाला होता, बुटांच्या नाड्या बांधत होता. हात थांबले. 

"तिची मुलगी काय करते म्हणाली?" त्याने विचारलं.

मी ते विचारलं नव्हतं.

"विचारायला हवं होतंस," तो म्हणाला. दुसरी नाडी बांधून तो उठला, आणि बस चुकेल म्हणून निघाला. अजून तो तिच्याकडे गेलेला नाही.